खुर्द्याची गणना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या अनसिंगच्या एका शाळेत मला कविता वाचायला बोलावलं होतं. १४ जानेवारी हा पानिपतच्या लढाईचा दिवस, म्हणून गुरुजींनी आधी मुलांना पानिपताची थोडी माहिती सांगितली. मग माझ्या कविता झाल्या, तिळगूळ झाला आणि मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. नववीतला एक मुलगा उठला. तो आमच्याच पलीकडच्या गल्लीतला, रोज जाता-येता मला 'चाचा' म्हणून हाक मारणारा. त्याने विचारलं, "चाचा, पानिपतात तुमच्यावाले लोक कोणाकडून होते जी?"

वर्ग एकदम शांत झाला. गुरुजींनी डोळे वटारले. त्या पोराच्या मनात मात्र काही वाकडं नव्हतं. कबड्डीच्या सामन्यात कोण कोणाकडून खेळलं असं विचारावं, तसं त्याने विचारलं होतं. मी हसून म्हटलं, "बेटा, दोन्हीकडून." मुलं हसली, टाळ्या झाल्या, कार्यक्रम संपला.

उत्तर खोटं नव्हतं, पण मला ते पुरलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, आपण त्या मुलाला वाटेला लावलं. त्याला खरं तर हे विचारायचं होतं की, त्या लढाईत आपण, म्हणजे आपल्यासारखी माणसं, कुठे होतो? लढाई म्हटलं की त्यांना काय वाटत होतं? त्या मुलाला तेव्हा जे सांगायचं राहून गेलं, ते आज तुमच्यासमोर सांगणार आहे.

पानिपताची बातमी दक्षिणेत कशी आली, ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती लागलं. पत्र व्यापाऱ्याच्या भाषेत होतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणनाच लागत नाही, असा त्याचा मतलब होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. रुपये म्हणजे त्यांच्या खालचे. आणि खुर्दा?

खुर्दा म्हणजे तांब्याची चिल्लर. हा शब्द फारसीतून आला. 'खुर्द' म्हणजे लहान. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं असली की एक बुद्रुक आणि एक खुर्द असतं. बुद्रुक हा 'बुजुर्ग'वरून आला, म्हणजे मोठा; आणि खुर्द म्हणजे धाकटा. मराठीने या शब्दाचा आणखी एक उपयोग केला. एखाद्या सैन्याचा धुव्वा उडाला की आपण म्हणतो, 'फौजेचा खुर्दा उडाला.' आम्ही शाळेत हे वाक्य मोठ्याने वाचत होतो. तेव्हा कधी मनात आलं नाही, की जो उडाला तो खुर्दा म्हणजे नांगर सोडून पोटासाठी घोड्यावर बसलेला कुणीतरी माणूस होता.

मोत्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. मोहरांचीही बरीचशी आहेत. आज मला बोलायचं आहे ते या खुर्द्याबद्दल.

आधी त्या मुलाचा प्रश्न सरळ घेऊ. पानिपतात मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाताखाली होतं. त्याचे हजारो गारदी तिथे कापले गेले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. अब्दालीच्या छावणीत धर्माची हाक दिली गेली होती, हेही खरं आहे. इब्राहिमखानाने ती ऐकली नाही. आता दुसरी बाजू पाहा. अब्दालीला येऊन मिळालेल्या अवधच्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगीर गोसाव्याचे गोसावी होते, शस्त्र चालवणारे हिंदू साधू. शुजाच्याच नोकरीत काशीराज पंडित नावाचे दक्षिणी ब्राह्मण होते. त्यांनी लढाई डोळ्यांनी पाहिली आणि पुढे तिची हकीकत फारसीत लिहून ठेवली. म्हणजे मराठ्यांकडून मुसलमान, अब्दालीकडून गोसावी, आणि साऱ्याची नोंद ठेवणारा मराठी ब्राह्मण फारसीत लिहितो आहे. 'तुमच्यावाले' आणि 'आमच्यावाले' अशा दोन रांगा तिथे लावायला गेलं तर बरीच माणसं कुठल्याच रांगेत बसत नाहीत.

लढाईनंतर जी माणसं जीव घेऊन दक्षिणेकडे पळत सुटली, त्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या मुलुखात आसरा मिळाला. सूरजमल लढाईपूर्वीच मराठ्यांची बाजू सोडून निघून गेला होता, तरी थंडीत उघड्या-वाघड्या आलेल्या या माणसांना त्याच्या राज्यात अन्न-वस्त्र मिळालं, जखमींवर उपचार झाले. राजकारण तुटलं तरी दार उघडं राहिलं. लढाईकडे पाहण्याची लोकांची ही एक रीत होती, आणि ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? नानासाहेब पेशवे सहा महिन्यांच्या आत, २३ जून १७६१ ला पुण्यात पर्वतीवर वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून परत आल्या. नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही. १७८३ मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. वाड्यातल्या माणसांनीही त्यांना तसं राहू दिलं. आणि एकट्या पार्वतीबाईच वाट पाहत होत्या असं नाही. मध्येच एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला पकडून कैदेत ठेवलं, तर १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात हजारो माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. शेवटी त्याच वर्षी त्याला पुण्यात देहदंड झाला. 'तोतयाचे बंड' या नावाने न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिलं.

इतिहासात तोतया हा लबाड माणूस आहे, आणि तो होताच. त्याच्यामागे धावलेल्यांत काही राजकारणी होते, काही लुटीच्या आशेने आलेले होते. पण पंधरा वर्षांनंतरही भाऊ जिवंत असतील असं इतक्या लोकांना वाटू शकलं, याचा अर्थ काय? मला वाटतं, ज्यांची प्रेतं कुणी पाहिली नव्हती अशी घराघरातली माणसं त्यामागे होती. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येईल. मोती परत आला, तर खुर्द्यालाही आशा. 'विश्वास पानिपतात गेला' असं आपण आजही थट्टेने म्हणतो. त्या थट्टेच्या तळाशी एवढी मोठी वाट पाहणी आहे.

आता कवी म्हणून माझ्या बिरादरीकडे वळतो. लढाईच्या भावना लोकांपर्यंत नेणारे लोक म्हणजे शाहीर. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक. तो जिजाऊंच्या सांगण्यावरून रचला गेला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असं सांगतात. तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा तर सर्वांना माहीत आहे. १८९१ मध्ये ऍकवर्थ नावाचे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गावोगावच्या गोंधळ्यांकडून हे पोवाडे मिळवून छापले, म्हणून ते वाचले.

या परंपरेत जेजुरीचा सगनभाऊ आहे. मुसलमान, आणि धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. दिवसा दुसऱ्यांच्या तलवारींना धार लावायची आणि रात्री डफावर गायचं. पेशवाई बुडाल्याचं दुःख त्यानेही मांडलं. मला तो फार जवळचा वाटतो. पण शाहिरालाही पोट असतं. बक्षीस मोती आणि मोहरांकडून यायचं, म्हणून पोवाड्यात नावं यायची तीही बहुतेक त्यांचीच. यात शाहिराला दोष देण्याची माझी छाती नाही, कारण मीही तेच केलं आहे.

१९९९ साली कारगिलचं युद्ध चालू होतं. आमच्या भागात एक कविसंमेलन झालं. मी एक जोशपूर्ण कविता लिहून नेली होती. प्रत्येक कडव्याला टाळ्या पडल्या, दोनदा 'वन्स मोअर' मिळाला. दुसऱ्या ओळीत बसलेली एक बाई मात्र पदर तोंडाला लावून नुसती बसून होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कविता चांगली हाय जी भाऊ. पण माहा पोरगा तिकडंच हाय. मले टाळ्या वाजवता नाही आल्या." तिने माझी माफी मागितली. माफी खरं तर मी मागायला हवी होती. त्या कवितेत मोती होते, मोहरा होत्या, झेंडा होता. तिचा पोरगा कुठेच नव्हता. ती कविता मी पुन्हा वाचली नाही. तिचा मुलगा सुखरूप परत आला, आता निवृत्त होऊन शेती पाहतो.

आपले पोवाडे आपल्याला माहीत आहेत. पण आपल्या लढाईचं गाणं दुसऱ्यांनीही केलं आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात भाम नावाचं गाव आहे. नागपूरकर भोसल्यांचं बस्तान तिथून आणि वऱ्हाडातून वाढत गेलं. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून पुढे जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या. पुढे भास्करराम कोल्हटकर असत. त्या घोडदळात बारगीर असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा-हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर. बारगीर म्हणजे खुर्दाच. या 'बारगीर'चा बंगालीत 'बर्गी' झाला.

त्या बर्गीचं नाव बंगालच्या अंगाईत आहे. बाळाला निजवताना आई सांगते की देशात बर्गी आले आहेत, आणि त्याच गाण्यात तिला चिंता पडते की धान्य तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कशाने भरायचा. पावणेतीनशे वर्षं झाली, ते गाणं अजून म्हटलं जातं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात या स्वाऱ्यांच्या अत्याचारांचं वर्णन आहे. कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच' पडलं. अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्कररामांना बोलणीसाठी बोलावून दगा दिला आणि ठार मारलं. आपल्या इतिहासात तो विश्वासघात आहे, आणि तो होताच. पण तिकडच्या खेड्यातल्या बाईला त्या रात्री कदाचित झोप लागली असेल.

हे मी आपल्या माणसांना कमी लेखायला सांगत नाही. आपल्या बारगिराच्या घरी वऱ्हाडात त्याची आई त्याची वाट पाहत होती, आणि तिकडे दुसरी आई त्याचंच नाव घेऊन पोराला दडपत होती. माणूस एकच होता. पोवाड्यातून फक्त पहिली आई थोडीफार दिसते. दुसरीला भेटायचं तर परक्याची अंगाई ऐकावी लागते.

शेतकऱ्याला लढाईबद्दल काय वाटत होतं, याचा एक उत्तम पुरावा शिवाजी महाराजांच्या पत्रात आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्याच अधिकाऱ्यांना त्यांनी ते पाठवलं. दाणा-वैरण आताच उधळून टाकाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून धान्य, गवत, भाजी उचलू लागाल, लोक घरदार सोडून जातील, आणि त्यांना वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारीक गोष्टीही त्यात आहेत. हे पत्र वाचताना मला दरवेळी वाटतं, राजाला एवढं सांगावं लागलं याचं कारण रयतेचा अनुभव तसा होता. फौज शत्रूची असो की आपली, उभं पीक दोघांच्याही घोड्यांना सारखंच गोड लागतं. महाराजांचं मोठेपण हे, की त्यांनी खुर्द्याचा हिशेब मांडला.

आमच्या वऱ्हाडात तर दोन-दोन सरकारं होती. निजामही सारा घ्यायचा आणि भोसलेही. या कारभाराला 'दुअंमल' म्हणत. त्यात पेंढाऱ्यांच्या टोळ्या. म्हणून गावोगाव गढ्या उभ्या राहिल्या. पांढऱ्या मातीच्या त्या उंच भिंती तुम्ही पाहिल्या असतील. धूळ उडताना दिसली की बायका-पोरं आणि गुरं-ढोरं आत घ्यायची आणि दार लावायचं. आज बऱ्याच गढ्यांची माती लोकांनी घरं सारवायला खणून नेली. आम्ही पोरं गढीवर लपाछपी खेळत होतो. आपल्या आधी इथे लोक खरोखरच लपले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. त्यांचं श्रद्धास्थान पोहरादेवी इथेच आहे. जुन्या काळी हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. या व्यापाराला ते लदेणी म्हणत. मोगलांच्या फौजांना धान्य त्यांनी पुरवलं, मराठ्यांना पुरवलं आणि इंग्रजांनाही पुरवलं. त्यांच्या वाटेला जायचं नाही असा साधारण रिवाज होता, कारण तांडा लुटला तर उद्या आपलीच फौज उपाशी. लढाईत कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. बैल जगले पाहिजेत, तांडा पुढे गेला पाहिजे. पुढे आगगाडी आली आणि लदेणी संपली.

अगदी आमच्या अंगणातली मोठी लढाई म्हणजे अडगावची. हे गाव अकोला जिल्ह्यात आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला इथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीशी गाठ पडली. त्याच्याकडच्या ज्या देशी पलटणी दोनच महिन्यांपूर्वी असईच्या भयंकर लढाईत पाय रोवून उभ्या राहिल्या होत्या, त्यांपैकी तीन इथे तोफांचे पहिले गोळे येताच माघारी पळाल्या. वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभं करावं लागलं. काल शूर होते आणि आज भित्रे झाले, असं नसतं. माणसाच्या धीराचाही कोठार असतो, तो कधी कधी रिकामा होतो. शेवटी इंग्रज जिंकले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. इथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. त्याच सुमारास वऱ्हाडाने मोठा दुष्काळ पाहिला. ज्या घरात दाणा नव्हता तिथे सरकार कुणाचं आलं याची चर्चा किती झाली असेल? हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, आणि त्या विजयानंतर त्याने लिहिलं की हरलेल्या लढाईखालोखाल दुःखाची गोष्ट म्हणजे जिंकलेली लढाई. जिंकणाऱ्याला हे कळायला वॉटर्लूपर्यंत जावं लागलं. पेरणाऱ्याला ते अडगावलाच कळलं होतं.

पुढच्या काळात लढाया दूर गेल्या, पण त्यांचं येणं थांबलं नाही. निजामाच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला गेला. त्या फौजेची एक छावणी आमच्या जवळच, हिंगोलीला होती. म्हणजे सैनिकांच्या पगारापोटी आमची काळी जमीन गहाण पडली. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्या युद्धात लाखो माणसं मेली, ते आमच्याकडे सुगी होऊन आलं. तेव्हाच्या शेतकऱ्याला ते युद्ध लवकर संपावं असं वाटलं असेल, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. १८६५ ला ते संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले मोठमोठे व्यापारी बुडाले. लढाईबद्दलच्या लोकभावनेत हाही एक कोपरा आहे, आणि तो आपण झाकून ठेवतो.

पहिलं महायुद्ध मात्र आमच्या घरात शिरलं. माझी दादी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. जर्मन, इंग्रज, महायुद्ध हे शब्द तिला माहीत नव्हते. तिला एकच शब्द माहीत होता, 'मानमोडी'. १९१८ च्या जूनमध्ये फ्लूची ही साथ मुंबईत आली, सैन्याच्या जहाजांबरोबर ती आली असं मानलं जातं. पावसाळा संपता संपता ती खेड्यापाड्यांत पसरली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तिचा तडाखा फार जबर बसला. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. युद्धात जेवढे हिंदी सैनिक मेले, त्यांच्या शंभरपटीहून जास्त. दादीचे दोन भाऊ एका आठवड्यात गेले. खणायला माणसं नव्हती म्हणून दोघांना एकाच कबरीत ठेवलं, असं ती सांगायची. गल्लीत हिंदूंकडे लाकडं संपली होती. ती वर्षांची गणना मानमोडीवरून करायची: अमक्याचं लग्न मानमोडीच्या आधी, तमक्याची विहीर मानमोडीनंतर. तिच्या भावांची नावं कुठल्या स्मारकावर असण्याचं कारण नाही. पण तेही त्याच युद्धाचा खुर्दा होते.

याच काळात एक बदल मात्र झाला. जगभर साध्या शिपायांची नावं दगडावर कोरायला सुरुवात झाली. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, तिथे त्यांचं स्मारक आहे. मुंबईत मस्जिद बंदरजवळ खलाशांच्या एका जुन्या इमारतीत बोटींवर काम करताना मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचं स्मारक आहे. कोकणातले कितीतरी गरीब मुसलमान तेव्हा बोटींवर भट्टीपुढे कोळसा ओढत होते. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांचीही आठवण राहिली. सावकाराच्या पत्रात ज्याची गणना लागत नव्हती, तो खुर्दा मोजायला माणसाला एवढा काळ लागला.

तर त्या मुलाकडे परत येतो. परवा बाजाराच्या दिवशी तो मला दिसला. आईबरोबर भाजी घेत होता. मी त्याला हाक मारली आणि म्हटलं, "बेटा, त्या दिवशी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच दिलं. पानिपतात माझ्यावाले लोक खुर्द्यात होते. आणि तुझ्यावालेही तिथेच होते." त्याने विचारलं, "खुर्दा म्हणजे काय जी, चाचा?" त्याच्या आईने भाजीवाल्याकडून परत आलेली चिल्लर मुठीत धरली होती. मी तिकडे बोट दाखवलं. तो चिल्लरकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मग ते मोजले नाही का कोणी?"

मी त्याला सांगितलं, आता आपण मोजायचे. तुमच्याही घरात एखादी म्हातारी असेल, एखादा शब्द असेल, कुठल्या तरी सालाची आठवण असेल. तिला विचारून ठेवा. पुढच्या संक्रांतीला तो मुलगा त्याच्या आजीकडून काय ऐकून येतो, याची मी वाट पाहतो आहे.